मणिभवनची मराठी फेरी : कामाच्या नोंदी

2 जून 2025

गावदेवीच्या लॅबर्नम रोडवरचं मणिभवन बघायला मराठी शाळांची मुलं येतात. त्यांना घर दाखवताना तोंडी सांगायची एक संहिता तयार करायची, एवढं हे काम. फेरी चाळीस मिनिटांची, मुलं पाचवी ते आठवीची. मी इथे पगारावर नाही, हौसेने मुलांना घर दाखवते. माझ्यानंतर दुसऱ्या कुणी हे काम घेतलं तर मी काय ठेवलं, काय गाळलं आणि का, ते त्यांना कळावं म्हणून ह्या नोंदी.

घराची ओळख थोडक्यात. मालक रेवाशंकर जगजीवन झवेरी. 1917 ते 1934 या काळात मुंबईतला गांधीजींचा मुक्काम बहुतेक इथेच असायचा. 1955 साली घर गांधी स्मारक निधीकडे आलं. तळमजल्यावर ग्रंथालय, पहिल्या मजल्यावर छायाचित्रं आणि पत्रं, दुसऱ्या मजल्यावर गांधीजींची खोली आणि छोट्या देखाव्यांचं दालन, वर गच्ची.

5 जून

आज खोलीसमोर उभी राहून नुसती बघत होते. माणसं जिना चढून येतात, काचेतून आत बघतात, मोबाईल वर करतात, निघतात. आत गादी, तक्क्या, बैठं मेज, चरखे. आईचा हात धरून आलेल्या एका मुलाने विचारलं, ‘एवढंच?’ आईने त्याला गप्प केलं. मला त्याचा प्रश्न अगदी रास्त वाटला. राजवाड्यात सिंहासन दाखवता येतं, किल्ल्यावर तोफ. इथे राहणाऱ्या माणसाने ठरवूनच काही जमवलं नाही, तर दाखवणार काय?

उत्तर मला एकच दिसतं. इथे वस्तू कमी आहेत, पण कामं ढीगभर झाली. सूतकताई शिकली गेली, नोंदणी न केलेलं वर्तमानपत्र निघालं, उपास झाले, आजारपणं निघाली, पहाटे अटक झाली. आणि यातलं एकही काम एकट्या गांधीजींचं नव्हतं. तेव्हा प्रत्येक थांब्यावर एक माणूस आणि त्याने इथे केलेलं एक काम सांगायचं, या चौकटीवर संहिता उभी करायची.

9 जून

गांधीजींची आत्मकथा पुन्हा काढली. खादीच्या जन्माची दोन प्रकरणं आहेत. शाळेत असताना ती भरभर उलटून टाकली होती. आता सावकाश वाचली आणि दुपार त्यातच गेली.

गोष्ट अशी. स्वदेशीचा आग्रह धरला तेव्हा गांधीजींना आणि आश्रमातल्या कुणालाही सूत कातता येत नव्हतं. चरखा मिळत नव्हता, शिकवणारं कुणी मिळत नव्हतं. गंगाबहन मजमुदार या विधवा बाईंनी शोधायचं मनावर घेतलं आणि बडोदा संस्थानातल्या विजापूरला त्यांना घरोघरी माळ्यावर टाकलेले चरखे सापडले. बायका कातायला तयार होत्या, पण दोन अटींवर : पेळू, म्हणजे कातण्यासाठी वळलेल्या पिंजलेल्या कापसाच्या गुंडाळ्या, कुणीतरी पुरवायचे आणि कातलेलं सूत विकत घ्यायचं. उमर सोबानी यांनी आपल्या गिरणीतून पेळू दिले. मग गांधीजींच्या मनाला लागलं की गिरणीचे पेळू चालत असतील तर गिरणीचं सूतच का नको? तेव्हा गंगाबहननी कापूस पिंजणारा पिंजारी शोधला. महिना 35 रुपये पगार मागणारा. तोही ठेवला.

इकडे मुंबईत याच घरात काय चाललं होतं? सूत कातणाऱ्या दोघी सापडल्या. शेराला, म्हणजे 28 तोळ्यांना, एक रुपया घ्यायच्या. गांधीजींनी त्यांना शिकवायला बसवलं आणि विद्यार्थिनी कोण, तर अवंतिकाबाई, रमीबाई कामदार, शंकरलाल बँकर यांच्या विधवा आई आणि वसुमतीबहन. चरखा खोलीत गुंजू लागला, आणि माझं दुखणं बरं व्हायला त्या गुंजनाचा हातभार लागला, असं गांधीजींनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

या अवंतिकाबाई म्हणजे आपल्या अवंतिकाबाई गोखले. 1917 मध्ये पती बबनराव यांच्याबरोबर चंपारणात जाऊन बडहरवा गावच्या शाळेत शिकवलेल्या. 1918 मध्ये गांधीजींचं मराठी चरित्र लिहिलेल्या, ज्याला लोकमान्यांची प्रस्तावना आहे. त्याच वर्षी हिंद महिला समाज स्थापन केलेल्या. गिरगावातून गावदेवी चालत येण्याच्या अंतरावर. इतकी वर्षं मुलांना गांधीजी चरखा चालवत, एवढंच सांगितलं जातं. ते शिकताना शेजारी चार बायका शिकत होत्या आणि गुरूही बायकाच होत्या, हे ज्या घरात घडलं तिथेच सांगितलं जाऊ नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं. संहितेतला खोलीचा भाग इथूनच सुरू होणार.

14 जून

यंदा पाऊस 26 मेलाच मुंबईत आला आणि आज तर सकाळपासून कोसळतोय. माणसं कमी. आली ती छत्री कुठे ठेवू, हे विचारत. जिन्यावर पाणी झालं की कुणीतरी लगेच पुसतं. शाळेच्या रांगेत एक मूल घसरलं तर फेरी तिथेच संपते. पावसाळ्यात कागदाचं घर सांभाळणं जिकिरीचं असतं. हवेतला दमटपणा 65 टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशी धरते, आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये 80 सुद्धा रोजचेच. ग्रंथालयात बसून टिपणं काढताना पुस्तक उघडलं की पहिला वास त्याच ऋतूचा येतो.

आज मुलांच्या रांगेचा मार्ग आखला. आधी थेट दुसरा मजला, मग गच्ची, मग उतरताना पहिला मजला, शेवटी ग्रंथालय. मुलं ताजी असतात तेव्हाच खोली दाखवायची. उलट क्रमाने गेलं की छायाचित्रांतच त्यांचा जोर संपतो.

18 जून

देखाव्यांचं दालन. सुशीला गोखले-पटेल यांनी घडवलेले गांधीजींच्या आयुष्यातले 28 प्रसंग, काचेमागे, बोटभर माणसांचे. मुलं इथे आपण होऊन थांबतात, नाक काचेला लावून. इथे मी शक्य तितकं कमी बोलायचं असं ठरवलंय. सगळे 28 सांगायला गेले तर तिथेच चाळीस मिनिटं संपतील. मुलांनी आपापला एक निवडावा आणि त्यात कोण कोण काय करतंय ते शेजारच्याला सांगावं, एवढंच.

23 जून

पिंजाऱ्याच्या शोधात दिवस गेला. कारण आत्मकथेतला हा तुकडा : रेवाशंकरभाईंच्या घरावरून एक पिंजारी जायचा. गाद्यांसाठी कापूस पिंजणारा. गांधीजींनी त्याला बोलावून पेळूंसाठी कापूस पिंजशील का म्हणून विचारलं. त्याने जास्त पैसे मागितले, दिले. म्हणजे खादीच्या इतिहासातला एक मोठा अडसर या रस्त्यावरून जाणाऱ्या, नाव न नोंदलेल्या कारागिराने सोडवला. त्याची कापूस पिंजायची धनुकली म्हणजे काय हे आजच्या मुलाला कसं कळणार? त्यांनी गादी दुकानात फोमची बघितलेली.

नळबाजाराच्या बाजूला गाद्या भरणारं एक दुकान मिळालं. आता काम मशिनवर चालतं, पण मालक चाचांनी माळ्यावरून वडिलांची पिंजण काढली. माणसाच्या उंचीची लाकडी कमान, एका टोकाला रुंद फळी, दोन्ही टोकांत ताणलेली तात. आतड्याची असायची, ही आता सुकून तडकली होती. हातात घ्यायचा लाकडी ठोकळा दोन्हीकडे जाड, मध्ये निमुळता. चाचांनी कमान दोरीला टांगली, तात कापसाच्या ढिगात अर्धी बुडवली आणि ठोकळा मारला. थाड्‌ऽ करून आवाज झाला आणि कापूस उडाला. गाठ सुटून एकेक तंतू मोकळा होत होता, कचरा आणि सरकीचे तुकडे खाली पडत होते. चार ठोक्यांत मूठभर कापसाचा सुपाएवढा ढीग झाला. चाचा म्हणाले, गादीला एवढं पुरतं, पण सुतासाठी आणखी बारीक पिंजावा लागतो, तो हात वेगळा. त्यांच्या आजोबांना तो यायचा.

मी विचारलं, गल्लीतून जाताना हाक काय द्यायचे? म्हणाले, हाक कशाला, तात छेडत जायचे, बायका गॅलरीत यायच्या. हा तपशील थेट संहितेत गेला. गॅलरीत उभं राहून मुलांना सांगायचं की कान द्या, खालून तो आवाज आला असेल.

चाचांच्या परवानगीने आवाज मोबाईलवर घेतला. तडकलेली तात आणखी दोन ठोक्यांत तुटली, पण चाचांनी ते मनावर घेतलं नाही. नवी तात लावून देतो, मुलांना घेऊन या म्हणाले.

30 जून

पेटी-चरखा की उभा चरखा, यावर आज निर्णय. माझ्याकडे आहे तो पेटी-चरखा. मिटला की पुस्तकाएवढा, शाळेत न्यायला सोयीचा. पण तो येरवड्याच्या तुरुंगवासाच्या काळातला, 1930 नंतरचा. 1919 च्या आसपास या खोलीत बायका शिकल्या तो मोठ्या चाकाचा उभा चरखा. मुलांनी प्रात्यक्षिकात पेटी बघितली की तेच चित्र डोक्यात बसतं आणि अवंतिकाबाई पेटी उघडून बसलेल्या दिसू लागतात. म्हणून आधी खोलीतला मोठा चरखा दाखवायचा, त्यावर बोट ठेवून सांगायचं, आणि पेटी नंतर, गच्चीवर अटकेची गोष्ट झाल्यावर उघडायची. तुरुंगाच्या गोष्टीला पेटी जोडली की तिचा आकार असा का, हे वेगळं समजावावंच लागत नाही.

प्रात्यक्षिकाचे टप्पे लिहून काढले. डाव्या हातात पेळू, अंगठा आणि दोन बोटांत सैल. उजव्या हाताने चाक फिरवायचं. चातीच्या, म्हणजे ज्यावर सूत गुंडाळलं जातं त्या काटीच्या, टोकाला सुताचं टोक; डावा हात मागे ओढत न्यायचा आणि ओढ व पीळ यांचा मेळ ठेवायचा. पीळ जास्त झाला की सूत कुरळं होऊन गुंततं, ओढ जास्त झाली की तुटतं. हातभर सूत झालं की चाक किंचित उलटं, टोकावरचे वेढे सोडवायचे, मग सुलटं फिरवून चातीवर गुंडाळायचं. चाक आणि चाती जोडणारी माळ ढिली पडली की चाती फिरतच नाही. नवशिक्यांची निम्मी तक्रार त्यामुळेच असते. मुलांना पाच मिनिटांत सूत निघणार नाही. तुटलेलं सूत पेळूच्या तोंडाला लावलं की पुन्हा धरतं, हे मात्र प्रत्येकाला करायला द्यायचं. ते जमल्यावर चेहरे बघण्यासारखे होतात.

28 तोळ्यांचा हिशेबही मांडला. म्हणजे सुमारे सव्वातीनशे ग्रॅम. 10 नंबरी सूत धरलं तर साडेपाच किलोमीटर लांबी होते. इतक्या सुताला एक रुपया. सातवी-आठवीच्या मुलांना हे गणित म्हणून घालता येईल.

4 जुलै

पहिली चाचणी. महापालिकेच्या एका मराठी शाळेची सातवी, बरोबर दोन बाई. खोलीचा भाग छान उतरला. पिंजणीचा आवाज ऐकवल्यावर एक मुलगी म्हणाली, तिच्या गावाला, बीडकडे, आजी अजून गोधडीसाठी जुना कापूस काठीने झोडपते. तिलाच पुढे उभं केलं आणि काठी कशी धरतात ते दाखवायला लावलं.

मग प्रश्न. गांधीजी इथे भाडं द्यायचे का? जेवण कोण करायचं? एवढे लोक भेटायला यायचे तर घरातल्यांना त्रास नाही व्हायचा? चाळीत, दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या मुलांना पाहुण्यांचा हिशेब नीट कळतो. माझ्या संहितेत यजमानाला एकच ओळ होती. ती पुरणार नाही.

8 जुलै

रेवाशंकरभाई. डॉ. प्राणजीवन मेहता, जे 1888 मध्ये लंडनला पोचलेल्या तरुण मोहनदासला भेटायला आले आणि तिथल्या रीतीभाती ज्यांनी त्याला शिकवल्या, ते रेवाशंकरभाईंचे भाऊ. रायचंदभाई, म्हणजे श्रीमद् राजचंद्र, ज्यांचा गांधीजींवर खोल परिणाम झाला, ते याच कुटुंबाचे जावई आणि जवाहिऱ्याच्या पेढीतले भागीदार. म्हणजे 1917 चं हे बिऱ्हाड काही एकाएकी झालेलं नव्हतं. त्यामागे तीस वर्षांचा घरोबा होता.

मुलांना हे नातं फळ्यावर काढून दाखवायचं. आणि हे सांगायचं की जवाहिऱ्याचा धंदा करणाऱ्या माणसाने आपल्या घरात सरकारविरोधी चळवळीचं ठाणं होऊ दिलं. पोलीस दारात येणार हे ठाऊक असताना. भाड्याच्या प्रश्नाला माझं उत्तर असं : गांधीजी इथे पाहुणे होते, आणि पाहुण्याला घरात ठेवण्याची किंमत रेवाशंकरभाईंनी आपणहून उचलली.

परवाच्या आषाढीचा धागा इथे कामाला आला. वारीच्या वाटेवर अनोळखी वारकऱ्याला ओसरीवर जागा देणारी घरं मुलांना माहीत आहेत. तिथून बोलायला सुरुवात केली की रेवाशंकरभाई परके वाटत नाहीत.

12 जुलै

1919 चा भाग. 6 एप्रिलला, रविवारी, रौलट कायद्याविरुद्ध हरताळ. सकाळी चौपाटीवर समुद्रस्नान, तिथून मिरवणूक ठाकूरद्वारला, मग मुसलमान मित्रांनी जवळच्या मशिदीत नेलं आणि तिथे गांधीजींची आणि सरोजिनी नायडूंची भाषणं झाली. संध्याकाळी बंदी असलेली पुस्तकं मोटारीतून हिंडून विकली. किंमत चार आणे, पण एकाने एका प्रतीचे 50 रुपये दिले. दुसऱ्या दिवशी, 7 एप्रिलला, नोंदणी न करता ‘सत्याग्रही’ नावाचं पत्र काढलं.

चौपाटी, ठाकूरद्वार, गावदेवी. मुलं रोज बसमधून जातात ती ठिकाणं. नकाशा छापून द्यायचा ठरलं, म्हणजे बोटाने मिरवणूक चालता येईल. कायदा मुद्दाम, उघडपणे, आपलं नाव सांगून मोडणं आणि लपून मोडणं यातला फरक या पत्रावरून मुलांना चटकन कळतो, हे चाचणीत दिसलं. तेव्हा या थांब्याला दोन मिनिटं वाढवली आणि देखाव्यांची दोन कापली.

15 जुलै

बकरीचं दूध. छोटा प्रसंग, पण ठेवायचाच. 1919 च्या सुरुवातीला गांधीजी आजारी होते. डॉ. दलाल म्हणाले, दूध घेतल्याशिवाय शरीर भरणार नाही. गांधीजींनी दूध न घेण्याचं व्रत धरलेलं. कस्तुरबा खाटेजवळ उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, मग बकरीच्या दुधाला तर हरकत नसेल? व्रत घेताना डोळ्यांपुढे गाय-म्हैसच होती. गांधीजींनी ऐकलं, आणि व्रताचा शब्द पाळला पण आत्मा मोडला ही खंत त्यांनी पुढे लिहूनही ठेवली.

मुलं यावर हमखास भांडतात : हे फसवणं की शहाणपण? भांडू द्यावं. आपण निकाल देऊ नये. कस्तुरबांनी नवऱ्याचा जीव वाचवला, एवढं मात्र मी ठामपणे सांगणार आहे.

19 जुलै

सगळ्यात अवघड भाग, नोव्हेंबर 1921. 17 तारखेला प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला. बहिष्कार होता. स्वागताला गेलेल्या पारशी, ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन लोकांवर जमावाने हल्ले केले, दंगल पसरली. माणसं मेली. गांधीजींनी 19 तारखेपासून याच घरात उपास धरला आणि शहर शांत झाल्यावर 22 ला सोडला.

एका शिक्षिकेने सुचवलं की हे गाळा, मुलं लहान आहेत. त्यांची काळजी मला समजते. पण मी गाळणार नाही. मुंबईच्या मुलांना दंगल म्हणजे काय हे घरात कानावर पडलेलं असतं, मोठी माणसं ते दबक्या आवाजात बोलतात. इथे त्यांना असा माणूस दाखवता येतो ज्याच्या नावाचा जयघोष करत लोकांनी मारहाण केली, आणि ज्याने ती मारहाण आपल्या माथ्यावर घेतली. दुसऱ्याकडे बोट दाखवायला त्याला भरपूर वाव होता. मारहाणीचं वर्णन करायचं नाही, आकडे सांगायचे नाहीत. कोणी कोणाला मारलं हे मात्र सरळ सांगायचं, झाकपाक न करता. पाचवीच्या गटाला एक परिच्छेद, आठवीच्या गटाला पूर्ण. शिक्षिकेला दोन्ही मसुदे पाठवले. आठवीचा त्यांना पटला.

24 जुलै

गच्ची. पाऊस थांबल्यावर जेमतेम वीस मिनिटं मिळाली.

28 डिसेंबर 1931 ला गांधीजी गोलमेज परिषदेहून मुंबईत उतरले. आठवड्याच्या आत, 4 जानेवारी 1932 ला पहाटे तीनच्या सुमारास, गच्चीवरच्या तंबूत झोपलेले असताना पोलीस आले. सोमवार होता, मौनाचा दिवस. त्यामुळे बोलणं कागदावर. अर्ध्या तासात तयार होतो, असं लिहून दिलं. ‘वैष्णव जन’ म्हटलं गेलं. खटला नाहीच, 1827 च्या रेग्युलेशन 25 खाली थेट येरवडा. शंभराहून अधिक वर्षं जुना, चौकशीशिवाय माणूस आत टाकायला परवानगी देणारा कायदा.

या थांब्यावर मी मुलांना कागद-पेन्सिल देते. पोलीस समोर उभे आहेत, तुम्हाला बोलायचं नाही, काय लिहाल? एकाने लिहिलं, ‘चप्पल घालू का?’ एकीने, ‘बा ला सांगा.’ हे कागद जपून ठेवले आहेत.

पाऊस असेल त्या दिवशी हाच भाग पहिल्या मजल्यावर घ्यायचा, खिडकीशी.

1 ऑगस्ट

लोकमान्यांची पुण्यतिथी. त्यांचा मृत्यूही मुंबईतलाच, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात, 1 ऑगस्ट 1920. असहकाराची चळवळ सुरू करायचा दिवसही तोच ठरलेला होता. अंत्ययात्रेत खांदा देणाऱ्यांत गांधीजी होते. आज आलेल्या मंडळींत पुण्याचे एक आजोबा होते. टिळक आणि गांधी यांना एकमेकांविरुद्ध उभं करून बोलण्याची आपल्याकडे सवय आहे, त्यांनीही तसंच सुरू केलं. मी त्यांना अवंतिकाबाईंच्या पुस्तकाबद्दल सांगितलं : गांधींचं चरित्र, लिहिणारी गिरगावची मराठी बाई, प्रस्तावना टिळकांची. आजोबा म्हणाले, हे ठाऊक नव्हतं. वहीत टिपून घेतलं.

मुलांच्या संहितेत हा भाग घालत नाही. मोठ्यांच्या गटासाठी जादा टिपण म्हणून वेगळं ठेवलंय.

5 ऑगस्ट

श्रावण शुद्ध एकादशी, वैष्णवांची पवित्रा एकादशी. आजचा दिवस मुद्दाम निवडला होता, कारण मुंबईत कातलेलं ते सुरुवातीचं सूत गांधीजींनी वैष्णव मित्रांना याच एकादशीच्या माळांसाठी विकलं होतं. ते सूत देवाच्या गळ्यात गेलं.

आठवीचा गट आला. चाचाही आले, नवी तात लावलेली पिंजण घेऊन, इमारतीबाहेर मोकळ्या जागेत बसले. घरात कापूस उडवायचा नाही, हा माझाच आग्रह. तंतू आणि धूळ काचेमागच्या वस्तूंना बरी नाही. मुलांनी पिंजलेल्या कापसाचे पेळू वळले : पाटीवर कापसाचा पातळ थर, मधोमध काडी, तळहाताने एकदाच पुढे लोटायचं आणि काडी ओढून घ्यायची. दाबून वळला तर तो पेळू कातता येत नाही, आतले तंतू सुटत नाहीत. बहुतेकांनी दाबलेच. चाचांनी एकेकाचा हात धरून किती हलका ठेवायचा ते दाखवलं.

मग गंगाबहनची धोतराची गोष्ट सांगितली. विजापूरची खादी 30 इंच पन्ह्याची निघायची. गांधीजींनी निरोप धाडला की महिन्याभरात 45 इंची धोतर मिळालं नाही तर मी आखूडच नेसेन. गंगाबहननी महिन्याच्या आत 45 इंची धोतरजोडी पाठवली. एका मुलाने टेप मागितला आणि मुलांनी एकमेकांच्या कमरेपासून 30 आणि 45 इंच मोजून बघितले. हे मी सांगितलेलं नव्हतं, त्यांचं त्यांना सुचलं. आता टेप कायम पिशवीत.

9 ऑगस्ट

क्रांतिदिन. ऑगस्ट क्रांती मैदानावरून माणसांचा ओघ इकडे वळतो. आज सकाळपासून जिन्यावर दुतर्फा रांग. शाळा नाही, कुटुंबं, पेन्शनर, बाहेरगावचे कार्यकर्ते. परदेशी पाहुणे 1959 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग इथे राहिले होते ते, आणि 2010 मध्ये ओबामा आले ते विचारतात. आपल्या माणसांना आज 1942 ऐकायचं होतं. या घरातला गांधीजींचा मुक्काम 1934 ला संपतो, त्यामुळे 42 ची गोष्ट इथली नव्हे, ती मैदानावर उभं राहून सांगायची, असं प्रत्येकाला सांगत राहिले. काहींना ते रुचलं नाही. पण जे इथे घडलं तेवढंच इथे सांगायचं, ही शिस्त मला महत्त्वाची वाटते, कारण इथे घडलेलंच अजून पुरतं सांगून झालेलं नाही.

संध्याकाळी दोघा नव्या स्वयंसेवकांना संहिता दिली. खोलीचा भाग दोघांनी मोठ्याने वाचून बघितला. एकाने विचारलं, शिकवायला बसलेल्या त्या दोघी कातणाऱ्या बायकांची नावं काय? आत्मकथेत ती दिलेली नाहीत. संहितेत ‘त्या दोघी’ असंच आहे आणि तसंच राहील, पण चार विद्यार्थिनींच्या आधी त्यांचा उल्लेख येईल, हा बदल लगेच केला.

राहिलेलं काम : चौपाटी-ठाकूरद्वारचा नकाशा छापून आणायचा; पाचवीच्या गटासाठी 1921 चा परिच्छेद आणखी एका शिक्षिकेकडून वाचून घ्यायचा; चाचांना येण्याजाण्याचे आणि दिवसाच्या मजुरीचे पैसे शाळांच्या वर्गणीतून कसे द्यायचे ते ठरवायचं. ते आज घ्यायला तयार नव्हते. पण 1919 च्या पिंजाऱ्याला त्याने मागितले तेवढे मिळाले होते, यांनाही मिळायला हवेत. सोमवारी यासाठी शाळेच्या बाईंशी बोलणं आहे.